इस्ट्रोजेन ग्राहीची सक्रियक क्षेत्रे

इस्ट्रोजेन ग्राहीची सक्रियक क्षेत्रे म्हणजे इस्ट्रोजेन ग्राही अल्फा या प्रथिनाचे असे दोन भाग, जे ग्राही डीएनएला जोडला गेल्यावर संबंधित जनुकाचे प्रतिलेखन वाढवतात. पहिल्या क्षेत्राला एएफ-१ आणि दुसऱ्याला एएफ-२ म्हणतात. एएफ-१ हे प्रथिनसाखळीच्या आरंभीच्या टोकाकडे असते आणि संप्रेरक नसतानाही काही प्रमाणात कार्य करू शकते. एएफ-२ हे संप्रेरक ज्या भागात बसते त्या भागात असते आणि एरवी संप्रेरक बसल्यावरच कार्यक्षम होते.

दोन्ही क्षेत्रे एकाच ग्राहीत असली, तरी प्रत्येक ऊतीत आणि प्रत्येक जनुकापाशी त्यांचा वाटा सारखा नसतो. त्यामुळे टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनाच्या पेशींत इस्ट्रोजेनचा परिणाम रोखते, परंतु गर्भाशयाच्या अंतःस्तरात इस्ट्रोजेनसारखेच वागते. स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांचा लाभ, त्यांचे दुष्परिणाम आणि काही रुग्णांमध्ये औषधाला निर्माण होणारा प्रतिरोध या तिन्ही गोष्टी समजून घेण्यासाठी या क्षेत्रांचे ज्ञान आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

इस्ट्रोजेन हा स्टेरॉइड वर्गातील संप्रेरकांचा गट आहे. एस्ट्राडायॉल हे त्यांपैकी सर्वांत प्रभावी संप्रेरक होय. रजोनिवृत्तीपूर्वी ते मुख्यतः अंडाशयात तयार होते. रजोनिवृत्तीनंतर ते प्रामुख्याने मेद व अन्य ऊतींमध्ये, ॲरोमाटेज या विकराच्या साहाय्याने, अँड्रोजेन गटातील संप्रेरकांपासून बनते. एस्ट्राडायॉलचा रेणू लहान आणि मेदात विरघळणारा असल्यामुळे तो पेशीपटलातून सहज आत जातो. तो रक्तातून शरीरभर फिरत असला, तरी त्याला ठळक प्रतिसाद देणाऱ्या ऊती मोजक्याच असतात. हा फरक ग्राही प्रथिनामुळे पडतो.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठातील एलवूड जेन्सन यांनी ट्रिटियम या किरणोत्सारी समस्थानिकाने चिन्हांकित केलेले एस्ट्राडायॉल अपरिपक्व माद्या उंदरांना दिले. गर्भाशयासारख्या ऊतींनी ते धरून ठेवले. इतर ऊतींतून ते लवकर निघून गेले. गर्भाशयात साठलेल्या एस्ट्राडायॉलमध्ये कोणताही रासायनिक बदल झालेला नव्हता. संप्रेरकावर विकरांची प्रक्रिया होऊन त्याचा परिणाम घडतो, असा समज त्या काळी प्रचलित होता. जेन्सन यांच्या प्रयोगांनी तो मागे पडला आणि संप्रेरक एखाद्या प्रथिनाला जोडले जाऊन कार्य करते, ही कल्पना पुढे आली.

१९८५-८६ च्या सुमारास इस्ट्रोजेन ग्राहीच्या जनुकाची प्रत वेगळी करण्यात यश आले. हे काम फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील पिएर शाँबाँ यांच्या प्रयोगशाळेत आणि शिकागो येथे जेफ्री ग्रीन व जेन्सन यांच्या गटात झाले. त्याच सुमारास अमेरिकेतील साल्क संस्थेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीच्या जनुकाची प्रत मिळवली. दोन्ही प्रथिनांतील साम्य पाहता ती एकाच कुलातील असल्याचे स्पष्ट झाले. या कुलाला केंद्रकीय ग्राही असे म्हणतात. मानवात त्याचे ४८ सदस्य आहेत. या कार्यासाठी जेन्सन, शाँबाँ आणि इव्हान्स यांना २००४ चा लास्कर पुरस्कार देण्यात आला.

प्रथिनाची रचना

मानवी इस्ट्रोजेन ग्राही अल्फा ५९५ ॲमिनो आम्लांचा बनलेला असून त्याचे रेणुभार सुमारे ६६ किलोडाल्टन आहे. त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असून ते ईएसआर१ या नावाने ओळखले जाते. मानव आणि कोंबडी यांच्या ग्राहींची तुलना केली असता प्रथिनाचे काही भाग जवळजवळ तंतोतंत सारखे आणि काही बरेच वेगळे आढळले. त्या आधारे १९८६ मध्ये त्याचे सहा विभाग पाडण्यात आले. त्यांना इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या सहा अक्षरांची नावे आहेत.

ए आणि बी विभाग: हे सुमारे पहिल्या १८० ॲमिनो आम्लांचे असून एएफ-१ यांतच असते. या भागाला स्वतःचा ठरावीक त्रिमितीय आकार नसतो.

सी विभाग: हा डीएनएला जोडला जाणारा भाग आहे. त्यात जस्ताचे दोन अणू असून प्रत्येक अणूला चार सिस्टीन ॲमिनो आम्ले धरून ठेवतात. अशा घडीला जस्त-अंगुली म्हणतात.

डी विभाग: हा लवचीक जोडभाग आहे. ग्राहीला केंद्रकात नेणारे संकेत या परिसरात असतात.

ई विभाग: हा संप्रेरक जोडला जाणारा भाग असून तो साधारण ३०२ ते ५५३ या ॲमिनो आम्लांनी बनतो. एएफ-२ येथे असते. दोन ग्राही एकमेकांशी जोडले जाण्याचे मुख्य स्थानही येथेच आहे.

एफ विभाग: हा शेवटचा, सुमारे ४० ॲमिनो आम्लांचा भाग असून तो इतर विभागांच्या कार्यात सूक्ष्म फेरफार करतो.

संप्रेरक नसताना ग्राही बहुतांशी केंद्रकातच असतो आणि उष्णताघात प्रथिनांशी संलग्न असतो. संप्रेरक मिळाल्यावर तो त्यांच्यापासून सुटतो व दोन ग्राहींची जोडी बनते. ही जोडी डीएनएवरील विशिष्ट क्रमाला चिकटते. त्या क्रमाला इस्ट्रोजेन प्रतिसादी घटक म्हणतात. त्याचे आदर्श रूप ‘एजीजीटीसीए’, त्यानंतर कोणतेही तीन घटक आणि मग ‘टीजीएसीसीटी’ असे असते. या क्रमाचे दोन भाग डीएनएच्या दोन समोरासमोरील धाग्यांवर सारखेच वाचले जातात, त्यामुळे जोडीतील प्रत्येक ग्राहीला एकेक भाग मिळतो.

डीएनएला चिकटणे ही केवळ पहिली पायरी होय. जनुक प्रत्यक्ष कार्यरत करण्याचे काम सक्रियक क्षेत्रे करतात.

सक्रियक क्षेत्रांचा शोध

ग्राहीचे विभाग स्वतंत्र घटकांसारखे वागतात, हे १९८७ मध्ये स्टीफन ग्रीन आणि शाँबाँ यांच्या प्रयोगाने दाखवून दिले. त्यांनी इस्ट्रोजेन ग्राहीचा सी विभाग काढून त्या जागी ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीचा डीएनए-बंधक भाग बसवला. हा संकरित ग्राही एस्ट्राडायॉल मिळताच ग्लुकोकॉर्टिकॉइडला प्रतिसाद देणारे जनुक कार्यान्वित करू लागला. कोणते जनुक निवडायचे हे सी विभाग ठरवतो आणि कोणत्या संप्रेरकाला प्रतिसाद द्यायचा हे ई विभाग ठरवतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

यानंतर सक्रियण नेमके कोणत्या भागात आहे, हा प्रश्न हाती घेण्यात आला. त्यासाठी यीस्टमधील गॅल४ या प्रथिनाचा उपयोग झाला. गॅल४ चा डीएनए-बंधक भाग सस्तन प्राण्यांच्या पेशींतील जनुकांना ओळखत नाही. त्यामुळे तो ग्राहीच्या एखाद्या तुकड्याला जोडून, गॅल४ ची बंधनस्थाने असलेल्या चाचणी-जनुकावर सोडला, की त्या तुकड्याची सक्रियण क्षमता स्वतंत्रपणे मोजता येते. १९८८ मध्ये निकोलस वेबस्टर व सहकाऱ्यांनी या पद्धतीने दाखवले, की इस्ट्रोजेन व ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहींच्या संप्रेरक-बंधक भागात, संप्रेरक मिळाल्यावरच जागे होणारे सक्रियण कार्य असते.

१९८९ मध्ये लास्लो तोरा व सहकाऱ्यांनी मानवी ग्राहीत, तर लंडनमधील माल्कम पार्कर यांच्या गटाने उंदराच्या ग्राहीत दोन स्वतंत्र सक्रियण क्षेत्रे असल्याचे सिद्ध केले. तोपर्यंत ज्ञात असलेली अनेक सक्रियक प्रथिने आम्लधर्मी ॲमिनो आम्लांनी समृद्ध होती. ग्राहीची दोन्ही क्षेत्रे तशी नव्हती. शिवाय त्यांची ताकद पेशीप्रकारानुसार बदलत होती. मानवी गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून मिळवलेल्या हेला पेशींत एएफ-१ एकटे असता दुर्बल ठरले; कोंबडीच्या गर्भातील तंतुजनक पेशींत ते प्रबळ होते. काही परिस्थितींत दोन्ही क्षेत्रांचा एकत्रित परिणाम त्यांच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा पुष्कळ अधिक होता.

एएफ-२ चे कार्य

एएफ-२ हे साखळीतील एखादा सलग तुकडा नाही. ई विभागाची घडी पडल्यावर साखळीतील दूरदूरचे भाग जवळ येतात आणि त्यांपासून एक पृष्ठभाग तयार होतो. तोच एएफ-२ होय. ई विभागात बारा सर्पिले असून ती तीन थरांत रचलेली असतात. त्यांच्या मधल्या पोकळीत संप्रेरक बसते. ३५३ व्या स्थानावरील ग्लुटामिक आम्ल, ३९४ व्या स्थानावरील आर्जिनीन आणि ५२४ व्या स्थानावरील हिस्टिडीन हे एस्ट्राडायॉलशी हायड्रोजन बंध तयार करून त्याला जागी धरतात.

या रचनेत शेवटचे, म्हणजे बारावे सर्पिल निर्णायक असते. संप्रेरक नसताना ते अस्थिर असते. एस्ट्राडायॉल आत बसल्यावर ते पोकळीच्या तोंडावर झाकणासारखे स्थिरावते. त्यामुळे तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या व बाराव्या सर्पिलांच्या मध्ये एक उथळ, जलविरोधी खाच निर्माण होते. पेशीतील सहसक्रियक प्रथिने या खाचेत आपला एक लहान सर्पिलाकार भाग बसवतात.

या लहान भागाची ओळख १९९७ मध्ये डेव्हिड हिअरी, पार्कर व सहकाऱ्यांनी पटवली. त्यात पहिले, चौथे आणि पाचवे ॲमिनो आम्ल ल्युसीन असते. दुसरे व तिसरे कोणतेही चालते. या क्रमाला एलएक्सएक्सएलएल असे संबोधतात. ल्युसीनच्या जलविरोधी शाखा खाचेत रुततात. खाचेच्या एका टोकाला ३६२ व्या स्थानावरील लायसीनचा धन प्रभार आणि दुसऱ्या टोकाला ५४२ व्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाचा ऋण प्रभार असतो. हे दोन प्रभार चिमट्यासारखे त्या सर्पिलाची दोन्ही टोके पकडतात. यांपैकी ५४२ वे स्थान बाराव्या सर्पिलावरच आहे. म्हणून बारावे सर्पिल जागेवर नसेल तर चिमटा पूर्ण होत नाही आणि एएफ-२ निष्क्रिय राहते.

१९९७ मध्ये अँजेय ब्झोझोव्स्की व सहकाऱ्यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राने ई विभागाची रचना उलगडली. एस्ट्राडायॉल असताना आणि रॅलॉक्सिफेन हे औषध असताना बाराव्या सर्पिलाची जागा वेगवेगळी असल्याचे त्यांना दिसले. पुढच्या वर्षी अँड्र्यू शियाऊ व सहकाऱ्यांनी टॅमॉक्सिफेनच्या क्रियाशील रूपासह रचना प्रसिद्ध केली. टॅमॉक्सिफेनच्या रेणूला एक लांब शाखा असते. ती पोकळीत मावत नाही आणि बाराव्या सर्पिलाच्या नेहमीच्या जागेतून बाहेर डोकावते. परिणामी ते सर्पिल सरकून सहसक्रियकाच्या खाचेतच जाऊन बसते. बाराव्या सर्पिलात एलएक्सएक्सएलएल शी मिळताजुळता ॲमिनो आम्लांचा क्रम असल्याने ते तेथे नीट बसते. अशा रीतीने ग्राहीचा स्वतःचाच एक भाग सहसक्रियकांची वाट अडवतो.

एएफ-१ चे कार्य

एएफ-१ चा अभ्यास तुलनेने अवघड ठरला आहे, कारण ए व बी विभागांना ठरावीक घडी नसते आणि स्फटिकशास्त्राने त्यांचे चित्र मिळत नाही. बहुतेक प्रयोगांत सक्रियणासाठी आवश्यक भाग सुमारे ४० ते १५० या ॲमिनो आम्लांच्या दरम्यान आढळला आहे. असे घडीविहीन भाग वेगवेगळ्या प्रथिनांशी जोडले जाताना वेगवेगळा आकार घेऊ शकतात. एएफ-१ चे कार्य पेशीप्रकारावर इतके अवलंबून का असते, याचे एक कारण या गुणधर्मात आहे.

एएफ-१ ला संप्रेरकाची थेट गरज नसली, तरी त्याचे नियंत्रण होतेच. ते मुख्यतः फॉस्फोरिलीकरणाने, म्हणजे विशिष्ट ॲमिनो आम्लांना फॉस्फेट गट जोडला जाऊन होते. यांत ११८ व्या स्थानावरील सेरीन महत्त्वाचे आहे. १९९५ मध्ये शिगेआकी कातो व सहकाऱ्यांनी दाखवले, की वाढघटकांच्या संकेतामुळे सक्रिय होणारे मॅप कायनेज हे विकर या सेरीनला फॉस्फेट जोडते आणि एएफ-१ चे कार्य वाढते. १६७ व्या स्थानावरील सेरीनवरही अन्य विकरांमार्फत अशीच प्रक्रिया होते. म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर आलेला वाढीचा संकेत एएफ-१ च्या मार्गाने इस्ट्रोजेन ग्राहीपर्यंत पोहोचू शकतो. कर्करोगाच्या पेशींत असे संकेत अनेकदा प्रमाणाबाहेर वाढलेले असतात.

एएफ-१ शी जोडल्या जाणाऱ्या घटकांत पी३०० व सीबीपी ही प्रथिने, पी६८ हे आरएनएची गुंडाळी सोडवणारे विकर आणि एसआरसी कुलातील सहसक्रियक यांचा समावेश होतो. एसआरसी कुलातील प्रथिने एएफ-२ च्या खाचेत एलएक्सएक्सएलएल क्रमाने जोडली जातात, तर एएफ-१ शी त्यांचा संबंध त्यांच्या दुसऱ्या भागांमार्फत येतो. त्यामुळे एकच सहसक्रियक दोन्ही क्षेत्रांना एकाच वेळी धरू शकतो. दोन्ही क्षेत्रांचा एकत्रित परिणाम बेरजेपेक्षा अधिक का होतो, याचे स्पष्टीकरण यातून मिळते.

शरीरात एएफ-१ नसलेला ग्राहीही नैसर्गिकरीत्या आढळतो. ईआर-अल्फा-४६ या लहान रूपात पहिली १७३ ॲमिनो आम्ले नसतात. त्यात एएफ-२ शाबूत असते. ज्या पेशींत एएफ-१ चे वर्चस्व असते, तेथे हे लहान रूप पूर्ण ग्राहीच्या कार्याला आळा घालते.

जनुक कार्यान्वित होण्याची प्रक्रिया

केंद्रकातील डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर प्रतिलेखन करणारे आरएनए पॉलिमरेज हे विकर जनुकापर्यंत पोहोचू शकत नाही. सक्रियक क्षेत्रे स्वतः ही गुंडाळी सैल करत नाहीत. ती सैल करणाऱ्या प्रथिनांना ती त्या जागी बोलावून आणतात.

पहिला सहसक्रियक, एसआरसी-१, १९९५ मध्ये अमेरिकेतील बेलर वैद्यकीय महाविद्यालयात बर्ट ओमॅली यांच्या गटाने ओळखला. या कुलात पुढे आणखी दोन प्रथिनांची भर पडली. त्यांपैकी एसआरसी-३ याच्या जनुकाच्या प्रती स्तनाच्या काही कर्करोगांत वाढलेल्या असतात, असे १९९७ मध्ये आढळले. एसआरसी प्रथिने पुढे पी३०० किंवा सीबीपी यांना जोडून घेतात. ही विकरे हिस्टोनांना ॲसिटिल गट जोडतात; त्यामुळे हिस्टोनांचा धन प्रभार कमी होऊन डीएनएवरील त्यांची पकड सैल होते. कार्म१ हे विकर हिस्टोनांतील आर्जिनीनला मिथिल गट जोडते. त्यानंतर मेडिएटर नावाचा प्रथिनांचा मोठा समूह ग्राही आणि आरएनए पॉलिमरेज यांना जोडणारा दुवा बनतो. त्यातील मेड१ या घटकातही एलएक्सएक्सएलएल क्रम असतो.

२०१५ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ग्राही, एसआरसी-३ आणि पी३०० यांच्या संयुक्त समूहाचे चित्र मिळाले. त्यानुसार ग्राहीच्या जोडीतील प्रत्येक रेणू एकेक एसआरसी-३ धरतो आणि हे दोन एसआरसी-३ मिळून एकच पी३०० धरतात.

स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींतील अभ्यासात असेही दिसले, की ग्राही आणि सहसक्रियक जनुकापाशी एकदाच येऊन थांबत नाहीत. ते सुमारे ४० ते ६० मिनिटांच्या आवर्तनात येतात व जातात. याउलट, टॅमॉक्सिफेन असताना त्याच जनुकांपाशी एनकॉर आणि स्मर्ट यांसारखी सहदमनकारी प्रथिने येतात. त्यांच्यासोबत हिस्टोनांवरील ॲसिटिल गट काढून टाकणारी विकरे असतात आणि जनुक शांत राहते.

ऊतीनुसार भूमिका

टॅमॉक्सिफेन एएफ-२ बंद करते, परंतु ग्राहीला डीएनएपासून दूर करत नाही. एएफ-१ मोकळेच राहते. १९९० मध्ये बेरी, डॅनियल मेत्झगर व शाँबाँ यांनी दाखवले, की ज्या पेशींत आणि ज्या जनुकांपाशी एएफ-१ एकटे पुरेसे असते, तेथे टॅमॉक्सिफेनचे क्रियाशील रूप ग्राहीला सक्रिय करते. जेथे एएफ-२ अनिवार्य असते, तेथे ते ग्राहीला रोखते.

२००२ मध्ये योंगफेंग शांग आणि मायल्स ब्राउन यांनी गर्भाशयाच्या अंतःस्तरापासून मिळवलेल्या पेशींची तुलना स्तनाच्या पेशींशी केली. पहिल्या प्रकारच्या पेशींत एसआरसी-१ चे प्रमाण अधिक होते आणि तेथे टॅमॉक्सिफेनयुक्त ग्राही काही जनुकांपाशी सहसक्रियकांना बोलावत होता. एसआरसी-१ चे प्रमाण कमी केल्यावर हा परिणाम नाहीसा झाला. एकाच औषधाचे दोन विरुद्ध परिणाम पेशीत कोणती सहायक प्रथिने किती आहेत यावर अवलंबून असतात, हे यातून दिसून आले.

सजीव प्राण्यातही हा फरक तपासला गेला आहे. एएफ-१ किंवा एएफ-२ यांपैकी एकच क्षेत्र निकामी केलेले उंदीर तयार करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की हाडांवरील इस्ट्रोजेनच्या सर्व परिणामांसाठी एएफ-२ आवश्यक असते. एएफ-१ मात्र हाडाच्या आतील जाळीदार भागासाठी आणि गर्भाशयासाठी आवश्यक असते. हाडाच्या बाहेरील घन थरासाठी त्याची गरज नसते. रक्तवाहिन्यांना इस्ट्रोजेनमुळे मिळणारे संरक्षण एएफ-१ शिवायही टिकून राहते. गर्भाशयाला उत्तेजन न देता हाडे व रक्तवाहिन्या यांना लाभ देणारे औषध शक्य आहे, या विचाराला अशा निष्कर्षांनी आधार मिळाला.

वैद्यकीय महत्त्व

स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोगांत इस्ट्रोजेन ग्राही आढळतो. त्यांना सर्वसाधारणपणे ‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणतात. ऊतीच्या तुकड्यावर प्रतिपिंडांच्या साहाय्याने केलेल्या चाचणीत किती पेशींच्या केंद्रकांत ग्राही आहे हे मोजले जाते. ही चाचणी प्रथिनाची उपस्थिती सांगते. त्यातील कोणते सक्रियक क्षेत्र किती कार्यरत आहे, हे तिच्यातून कळत नाही.

टॅमॉक्सिफेन हे आयसीआय या ब्रिटिश कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात तयार झाले. त्याचे संश्लेषण डोरा रिचर्डसन यांनी केले होते. अमेरिकेत त्याला १९७७ मध्ये प्रसृत स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली. ग्राही असलेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पहिल्या पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

टॅमॉक्सिफेनच्या दुहेरी स्वरूपाचा सर्वांत ठळक पुरावा अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या प्रतिबंधात्मक चाचणीतून मिळाला. तीत अधिक धोका असलेल्या १३,३८८ स्त्रिया सहभागी होत्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या गटात आक्रमक स्तनकर्करोगाचे प्रमाण ४९ टक्क्यांनी कमी झाले. ही घट केवळ ग्राही असलेल्या कर्करोगांत होती. त्याच वेळी गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका सुमारे अडीच पट झाला. ही वाढ मुख्यतः पन्नाशीपुढील स्त्रियांत दिसली. म्हणूनच टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या, विशेषतः रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना योनिमार्गातून रक्तस्राव झाल्यास त्याची तातडीने तपासणी करणे आवश्यक मानले जाते.

रॅलॉक्सिफेन हेही एएफ-२ रोखणारे औषध आहे, परंतु गर्भाशयात ते टॅमॉक्सिफेनसारखे उत्तेजन देत नाही. १९९७ मध्ये त्याला अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेसाठी, म्हणजे हाडांच्या ठिसूळपणासाठी, मान्यता मिळाली. ऊतीनुसार वेगवेगळा परिणाम करणाऱ्या अशा औषधांना निवडक इस्ट्रोजेन ग्राही नियामक असे म्हणतात.

फुल्वेस्ट्रंट या औषधाची क्रिया वेगळी आहे. ते ग्राहीला अस्थिर करून पेशीकडून त्याचा नाश घडवते. त्यामुळे एएफ-१ व एएफ-२ दोन्ही निकामी होतात आणि गर्भाशयात उत्तेजनाचा प्रश्न उद्भवत नाही. अमेरिकेत ते २००२ पासून वापरात आहे.

औषधांना प्रतिरोध

ॲरोमाटेज रोखणारी औषधे शरीरातील इस्ट्रोजेनचे प्रमाण अत्यल्प करतात. एएफ-२ ला संप्रेरकाची गरज असल्याने अशा स्थितीत ते बंद राहायला हवे. तथापि, या उपचारानंतर पसरलेल्या कर्करोगाच्या पेशींत ईएसआर१ जनुकातील उत्परिवर्तने अनेकदा आढळतात. प्राथमिक अर्बुदात ती क्वचितच असतात. ॲरोमाटेजरोधक औषधांनंतर प्रसृत झालेल्या रोगात ती सुमारे २० ते ४० टक्के रुग्णांत दिसतात. २०१३ मध्ये अनेक गटांनी यासंबंधीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या उत्परिवर्तनांत ५३७ व्या स्थानावरील टायरोसीनऐवजी सेरीन येणे आणि ५३८ व्या स्थानावरील ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन येणे हे बदल विशेष महत्त्वाचे आहेत. दोन्ही स्थाने बाराव्या सर्पिलाच्या आरंभाजवळ आहेत. ५३७ व्या स्थानी आलेले सेरीन ३५१ व्या स्थानावरील ॲस्पार्टिक आम्लाशी हायड्रोजन बंध तयार करते आणि बारावे सर्पिल, जणू संप्रेरक आत असल्याप्रमाणे, सक्रिय स्थितीत स्थिरावते. सहसक्रियकांची खाच कायम उघडी राहते. पेशीला इस्ट्रोजेन न मिळताही तिची वाढ चालू राहते, त्यामुळे इस्ट्रोजेन कमी करण्याचा उपचार निष्प्रभ ठरतो. असे ग्राही टॅमॉक्सिफेन व फुल्वेस्ट्रंटला प्रतिसाद देऊ शकतात, पण त्यासाठी औषधाचे अधिक प्रमाण लागते. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले एलासेस्ट्रंट हे तोंडावाटे घेण्याचे औषध ईएसआर१ उत्परिवर्तन असलेल्या प्रसृत कर्करोगासाठी आहे. या उत्परिवर्तनांचा शोध रुग्णाच्या रक्तात फिरणाऱ्या अर्बुदाच्या डीएनएमधूनही घेता येतो.

प्रतिरोधाचा दुसरा मार्ग एएफ-१ मधून जातो. वाढघटकांचे संकेत वाढले, एसआरसी-३ चे प्रमाण वाढले किंवा एनकॉरचे प्रमाण घटले, तर टॅमॉक्सिफेनयुक्त ग्राही स्तनाच्या पेशींतही जनुके कार्यान्वित करू लागतो. म्हणजेच औषधाने स्तनात एरवी जी भूमिका करू नये, तीच ते करू लागते.

अन्य ग्राहींशी तुलना

१९९६ मध्ये स्वीडनमधील यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाने उंदराच्या पुरस्थ ग्रंथीतून इस्ट्रोजेन ग्राही बीटा शोधला. मानवात तो ५३० ॲमिनो आम्लांचा असून त्याचे जनुक चौदाव्या गुणसूत्रावर आहे. दोन्ही ग्राहींचे डीएनए-बंधक भाग जवळजवळ सारखे आहेत, परंतु ए व बी विभागांत साम्य फार थोडे आहे. बीटा ग्राहीचे एएफ-१ दुर्बल असते. त्यामुळे टॅमॉक्सिफेनचा उत्तेजक परिणाम त्याच्यामार्फत सहसा दिसत नाही.

अँड्रोजेन ग्राहीत परिस्थिती उलट आहे. तेथे आरंभीच्या टोकाकडील एएफ-१ प्रबळ असून एएफ-२ गौण असते. पुरस्थ ग्रंथीच्या प्रगत कर्करोगात या ग्राहीचे एआर-व्ही७ नावाचे लहान रूप आढळते. त्यात संप्रेरक-बंधक भागच नसतो, एएफ-१ मात्र शाबूत असते. त्यामुळे संप्रेरक-बंधक भागावर काम करणारी औषधे या रूपाला रोखू शकत नाहीत. घडीविहीन एएफ-१ ला थेट लक्ष्य करणारी औषधे विकसित करण्याचे प्रयत्न यामुळेच सुरू आहेत. ठरावीक आकाराची पोकळी नसलेल्या भागाला पकडून ठेवेल असा लहान रेणू शोधणे, ही त्यातील मुख्य अडचण आहे.

हेसुद्धा पहा

केंद्रकीय ग्राही
एस्ट्राडायॉल
टॅमॉक्सिफेन
स्तनाचा कर्करोग
जनुक अभिव्यक्ती
हिस्टोन